दहा वर्षं हमीची

५ मार्च
पंपहाउस, दुपार

ती. ताईस,

सादर नमस्कार. मी ठीक आहे. तुझे पाय फार सुजत नसतील, दुकानातला गीझर रुसला नसेल आणि गिऱ्हाइकं उधारी न ठेवता उठत असतील, अशी आशा करतो.

पत्र पाहून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. आपल्यात आता जायला उरलंय तरी कोण, तू आणि मी. फोन केला असता, पण तुझा फोन म्हणजे ‘अरे, एकीला डाय लावलाय, नंतर बोलते’ एवढाच असतो आणि ते नंतर काही उगवत नाही. पत्राचं बरं असतं. एखादीला ड्रायरखाली बसवलीस की तेवढ्यात वाचून होतं.

या महिनाअखेर मी सुटतो. छत्तीस वर्षं झाली. नोकरीला लागलो तेव्हा या गावाला पाणी दिवसातून एकदा जायचं, आता दोनदा जातं, आणि तरी लोकांच्या शिव्या तेवढ्याच आहेत. तीन नंबरचा पंप अजून पूर्वीसारखाच कण्हतो. नव्या साहेबांनी त्याला मोडीत काढायचं ठरवलंय. मी म्हटलं, साहेब, आम्हा दोघांना एकदमच काढा. ते हसले नाहीत. चांगले आहेत तसे, फक्त हसत नाहीत. मला मात्र त्यांनी रात्रपाळीतून काढून दिवसपाळीत टाकलंय. म्हणाले, शेवटचा महिना आहे, खाली पंपाकडे उतरू नका, वर बसून लॉगबुक भरा. बसतो. खिडकीतून टाकी दिसते.

आता मुद्द्याचं.

माझ्या पहिल्या पगाराच्या दिवशी मी घरी येऊन किती आदळआपट केली होती, आठवतं? पगार हातात पडायच्या आधीच त्यातले पेन्शनचे कापून घेतलेले. म्हातारपणाची सोय म्हणे. चोविसाव्या वर्षी कुणाला म्हातारं व्हायचं असतं? आम्ही सगळेच दर पगाराला फाटकाशी उभे राहून त्या कचेरीच्या नावाने बोटं मोडायचो. पुढे तू दुकान टाकलंस आणि ती विम्यावाली बाई केस कापायला आली ती जाताना तुला योजना विकूनच गेली. जमेल तेव्हा, जमेल तेवढं भरा, लागेल तेव्हा काढा. कसली जबरदस्ती नाही. मग तू मला चिडवायचीस, ‘धाकट्या, तुझे पैसे म्हणजे दुसऱ्याच्या खिशातला रुमाल. नाक तुझं, पण पुसायला परवानगी घे.’ मी काय बोलणार? नाक माझंच होतं.

तर आता त्या कचेरीने मला विचारलंय, पेन्शन कशी हवी? दोन रस्ते आहेत. पहिला पूर्ण पेन्शनचा. मी जिवंत असेपर्यंत दर महिन्याला पूर्ण रक्कम, मी गेलो की बंद. बायको असती तर तिला अर्धी मिळाली असती, लहान मूल असतं तर त्याला. बहीण त्यांच्या हिशेबी कुणीच नाही. दुसरा रस्ता दहा वर्षं हमीचा. यात महिन्याला थोडी कमी मिळते, पाचातला एक भाग जातो. पण दहा वर्षं ती येणार म्हणजे येणारच. मी असलो तर मला, नसलो तर ज्याचं नाव लावलंय त्याला. दहा वर्षांनंतरही मी असलो तर पुढेही मला. आणि यात बहिणीचं नाव चालतं. मी दोनदा विचारून घेतलं.

मी सगळा हिशोब मांडून पाहिला. दुसऱ्यातच फायदा आहे. महागाईची वाढ त्यात जास्त धरतात, कर कमी लागतो, सगळं धरून चांगला वरचढ ठरतो. फोडून सांगत बसत नाही, तुला आकड्यांचा कंटाळा आहे.

एकच अडचण आहे. ज्याचं नाव लावायचं त्याने कचेरीत समोर येऊन सही करायची असते. एका दिवसाचं काम आहे. सकाळच्या बसने ये, संध्याकाळच्या बसने जा. तिकिटाचे मी देतो. तू चौसष्टाव्या वर्षी दिवसभर उभी राहून लोकांची डोकी सारखी करतेस, आणि तुझ्या त्या योजनेत आता शिल्लक काय आहे ते आपण दोघं जाणतो. तो विषय मी काढत नाही. फक्त सही करून जा.

हवा बदलल्यामुळे थोडा खोकला आहे, बाकी उत्तम. पायाला गरम पाण्याचा शेक घेत जा.

तुझा
धाकटा


१४ मार्च
पंपहाउस

ती. ताईस,

सादर नमस्कार. तुझी चिठ्ठी मिळाली. चिठ्ठी कसली, थप्पडच. पाकीट उघडल्यावर गाल चोळत बसलो.

‘तुझी पेन्शन तुलाच लखलाभ. माझ्या हातात अजून कात्री टिकते. आणि माझ्याकडे केस कापायला येते त्या बँकवालीला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, महागाईची वाढ दोन्हीत सारखी, कर दोन्हीत सारखा. दुसऱ्यात तुला महिन्याला कमी मिळणार, एवढाच काय तो फरक. तू शाळेत गणितात पहिला यायचास. मग हे काय लिहून पाठवलंस?’

बँकवालीला माझा नमस्कार सांग आणि पुढच्या वेळी तिचे केस जरा वाकडे काप.

बरं, चुकलं गणित. साठीला टेकलं की होतं असं. पण हिशोब चुकला म्हणून रस्ता चुकत नाही, ताई. मला हमीचाच हवा आहे आणि नाव तुझंच लावायचं आहे. तू नको म्हणतेस ते का, तेही मला ठाऊक आहे. तुला वाटतं, हा आईचं देणं फेडायला निघालाय.

आई गेल्यावर आठवडाभराने आपण दोघं तिची औषधांची कपाटं आवरत होतो, तेव्हा तू एकच वाक्य बोललीस. ‘तुझ्या पैशांना बरं कुलूप होतं.’ बस, एवढंच. मग बाटल्या पिशवीत भरत राहिलीस. त्यानंतर दोन वर्षं आपलं बोलणं म्हणजे पावसाळ्याआधी छत बघून घे, वीजबिल भरलंस का, इतकंच. तू तेव्हा दुकानाला टाळं लावून तिला सांभाळलंस, योजनेतले उरलेसुरले सगळे काढलेस. मी दर महिन्याला पगारातून जमेल ते पाठवत होतो, ते औषधांच्या अर्ध्यालाही पुरत नव्हतं.

मी कचेरीत गेलो होतो, ताई. हे तुला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर सबबीसारखं वाटलं असतं. आई अंथरुणाला खिळली त्याच महिन्यात गेलो होतो. म्हटलं, माझेच पैसे आहेत, थोडे द्या. तिथल्या माणसाने चहाचा कप खालीसुद्धा ठेवला नाही. म्हणाला, ‘साठ व्हा, मग या.’ मी हात जोडले. तो म्हणाला, ‘हात जोडून नियम बदलत असते तर आधी माझा पगार वाढला असता.’ मला त्याचा इतका राग आला की मी जिन्यातली कुंडी लाथेने पाडली आणि मग कुणी पाहिलं तर म्हणून माती भरून परत सरळ ठेवली. असा तुझा शूर भाऊ.

तेव्हापासून तुझी ती योजना आणि माझी ही, दोन्ही मी मनात शेजारी शेजारी ठेवून बघत आलोय. वर बसून लॉगबुक भरायला किती वेळ लागतो? तासाला दोन आकडे. बाकी वेळ विचारच. तुझी योजना वाईट नव्हती. व्याज माझ्यापेक्षा जास्त होतं, हेही मी आता मान्य करतो. पण ‘लागेल तेव्हा काढा’ हे तिच्यातलं सगळ्यात गोड वाक्य होतं आणि त्यानेच घात केला. लागतं गं. कुणाला ना कुणाला रोजच लागतं. दुकानाचं छत गळलं, तू काढलेस. भावोजी आजारी पडले, काढलेस, आणि ते गेल्यावर त्यांची देणीही त्यातूनच भागवलीस. मग आई. प्रत्येक वेळी म्हणालीस, परत भरेन. भरायचीसही, निम्मे. मी जर मोकळ्या हाताचा असतो तर माझेही कधीच उडाले असते, आणि तुझ्यासारखे चांगल्या कामाला नव्हे. एक मोटरसायकल, एक नको असलेलं लग्न आणि चार मित्रांची उधारी, झालं. मला कुणी विचारलंच नाही, म्हणून ते उरले. माझ्या शहाणपणाचा त्यात काडीचाही वाटा नाही.

आमचा फिटर तुला आठवत असेल. मागे एकदा तुझ्या दुकानाची पाइपलाइन दुरुस्त करून गेला होता, पैसे घेतले नव्हते, आणि तू बळेच त्याचे केस कापून पाठवलं होतंस. एकटा जीव. मागच्या वर्षी सुटला, पूर्ण पेन्शन घेतली. आम्ही सगळ्यांनी त्यालाच शहाणा म्हटलं. हा काय, नव्वदीपर्यंत खाणार. तिसऱ्या महिन्यात गेला, अंघोळीला बसला होता तिथेच. त्याला वाढवणारी मावशी कचेरीत गेली, तर म्हणाले, खातं बंद. छत्तीस वर्षं कापलेले, आणि मिळाले तीन महिने. ती मावशी आता कुणाच्या तरी घरी स्वयंपाकाला जाते.

फिटर ठणठणीत होता, म्हणून सांगितलं. मी माझ्याबद्दल बोलत नाहीये.

माझं काय, मी मजेत आहे. दिवसपाळी मानवते. जेवण थोडं कमी झालंय, पण बसून काम असलं की भूक तरी कुठून लागणार? दोन उशा घेऊन झोपलो की खोकला येत नाही. घरमालकीणबाई खालूनच पाण्याचा हंडा वर पाठवतात, मी सांगितलं नव्हतं, त्यांच्याच मनात आलं. माणसं उगीच वाईट म्हणून बदनाम असतात.

ताई, एक नियम पुन्हा सांगतो आणि या वेळी बँकवालीला विचारलंस तरी चालेल. महिनाअखेरच्या आत नाव लागलं नाही तर आपोआप पूर्ण पेन्शन सुरू होते, आणि एकदा सुरू झाली की बदलता येत नाही. मग माझ्यामागे तुला छदामही नाही. सत्तावीसला गुरुवार आहे. तुझ्याकडे गुरुवारी गर्दी नसते.

भांडायचं असेल तर भांडायला ये. पण ये.

तुझा
धाकटा


२९ मार्च
घरून

ताई,

नमस्कार वगैरे परवा समोरासमोर झालाय, तेव्हा तो धरून चाल.

तू सुखरूप पोचलीस हे तुझ्या शेजारच्या मेडिकलवाल्याने फोन करून कळवलं. तू स्वतः केला नाहीस. रागावली आहेस. रागाव, तुझा हक्क आहे. पण कचेरीबाहेरच्या बाकावर मी निम्मंच बोललो, उरलेलं निम्मं लिहून टाकतो. बोलताना मधेच दम लागतो आणि मग तू पाठ चोळायला लागतेस, मग ते बोलणं राहतंच.

तू बसमधून उतरलीस तेव्हा मी हसत उभा होतो. ते हसू मी घरून तयार करून आणलं होतं. तू माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाहीस. सरळ पट्ट्याकडे पाहिलंस, तो आता कुठल्या भोकाला येतो ते. मग म्हणालीस, ‘केस किती वाढवलेस रे.’ मी रस्ताभर नवी टाकी, जुनी टाकी, साहेब, तीन नंबरचा पंप, सगळं सांगत होतो, आणि तू माझ्या चालीने चालत होतीस. तू, जी लहानपणी मला फरपटत शाळेत न्यायचीस. तेव्हाच मला कळलं की बाईंना कळलंय.

त्या खिडकीतल्या मुलीची काही चूक नव्हती. रोजचं बोलणं होतं तिचं. ‘काकू, हा हमीचा पर्याय सहसा तेच लोक घेतात ज्यांची...’ आणि तिची नजर माझ्यावर पडली. तू म्हणालीस, ‘बोल बाळा, ज्यांची काय?’ ती बिचारी कागद चाळायला लागली. मग तू म्हणालीस, ‘कळलं मला. याला पूर्णच लाव.’

पुढचं भांडण अख्ख्या रांगेने ऐकलं. मागच्या म्हाताऱ्याने तर काठी भिंतीला टेकवून नीट ऐकलं. तू म्हणालीस, ‘महिन्याला पाचातला एक कमी? औषधं काय झाडाला लागतात? तुझ्या ताटातलं आज काढून मी माझ्या उद्यासाठी झाकून ठेवू?’ मी म्हटलं, ‘माझं ताट आता लहानच आहे, ताई.’ तेव्हा तू माझा दंड धरून मला बाहेर बाकावर आणलंस. मला तसं बोलायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

बाकावर मी तुला सांगितलं की दोन्ही फुप्फुसांत आहे, ऑपरेशन होण्यासारखं नाही, थंडीपासून माहीत आहे. तू विचारलंस, ‘थंडीपासून? आणि तू मला महागाईची वाढ शिकवत बसलास?’ मग चष्मा काढून पुसलास, घातलास, परत काढून पुसलास. तू विचारलं नाहीस तरी सांगतो, डॉक्टरांनी किती दिवस ते सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण त्यांनी दाखवायला बोलावलं ते सहा महिन्यांनी नाही, दर पंधरा दिवसांनी. पंपवाल्याला एवढं समजतं. ज्या पंपाची तपासणी वर्षातून एकदा असते तो चांगला, ज्याची रोज असते त्याच्या जागी नवा मागवलेला असतो.

आता जे बोललो नाही ते.

एक. पत्रं लिहिली ती तू फोन ठेवतेस म्हणून नव्हे. फोनवर तुला माझा श्वास ऐकू आला असता. माझ्या एका वाक्यात आता दोन ठिकाणी थांबावं लागतं. कागदावर ते दिसत नाही.

दोन. कचेरीत तिसरा रस्ताही होता, तो मी तुला सांगितलाच नाही. पेन्शन कायमची सोडून द्यायची आणि सगळे पैसे एकदम घ्यायचे. तू पाणी आणायला गेलीस तेव्हा त्या मुलीने हळूच विचारलं, ‘काका, एकरकमीच का घेत नाही? काकूंच्या हातात सगळे एकदम पडतील.’ मी म्हटलं, ‘त्यांचा हात तुम्हाला माहीत नाही.’

खरंच सांगतो, तुझ्या हातात एकदम दिले असते तर वर्षभरात गेले असते. उडवले असतेस असं म्हणत नाही, वाटले असतेस. तुझ्या त्या खुर्चीत बसलं की बाया रडायला लागतात, देव जाणे का, गळ्याभोवती कापड बांधलं की बोलावंसं वाटत असेल. एकीच्या मुलाची फी, दुसरीच्या नवऱ्याचं ऑपरेशन. तू आरशातून ऐकतेस, कात्री खाली ठेवतेस आणि विरघळतेस. म्हणून महिन्याचे महिन्याला घेतले. ते मोडता येत नाहीत, गहाण टाकता येत नाहीत, पुढच्या महिन्याचे आधी मागता येत नाहीत. कुणी कितीही रडलं तरी तुला हात वर करून सांगता येईल की बाई गं, कुलूप आहे. ते वाक्य तू मला एकदा ऐकवलंस, आता तुला आयुष्यात पहिल्यांदा वापरायला मिळेल. छत्तीस वर्षं ज्या सक्तीला शिव्या घातल्या तीच तुझ्या नावाने करून ठेवली आहे. माझ्याकडे देण्यासारखं याच्यापेक्षा चांगलं काही निघालं नाही.

तू परत आत जाऊन सही केलीस ती अशी की टेबल हललं. मग माझ्याकडे वळून म्हणालीस, ‘झालं तुझ्या मनासारखं? आता माझ्या मनासारखं. सुटलास की येणाऱ्या रविवारी सामान घेऊन माझ्याकडे यायचं. विचारत नाहीये, सांगतेय.’ मी म्हटलं, ‘तू परत दुकान बंद करणार.’ तू म्हणालीस, ‘या खेपेला दुकान चालूच राहील. तू वरच्या खोलीत झोप, मी खाली कात्री चालवेन. हाक मारायला काठी आपट.’ मागचा तो म्हातारा म्हणाला, ‘जा हो, भाग्य लागतं.’ मला त्याच्या समोर रडू आलं, ते मी खोकल्यात घातलं.

तीन. मला भीती वाटते, ताई. हे बाकावर म्हणवलं नाही. पुढे जे व्हायचं त्याची वाटते, ते आलंच. आईचं सगळं मी दुरून, पगाराच्या दिवशी पैसे पाठवून पाहिलं, तू जवळून पाहिलंस, आणि तुला ते परत पाहायला लावतोय याची लाज वाटते. ‘येत नाही’ असं कळवायला मी तीनदा कागद घेतला. नाही लिहवलं. मला एकट्याने नाही राहायचं या खोलीत.

आणि आणखी एक भीती आहे. मी तुला ओळखतो. मी गेल्यावर पहिल्या तारखेला ते पैसे खात्यात येतील आणि तू त्यांना हात लावणार नाहीस. ‘त्याचे आहेत’ म्हणून बाजूला ठेवशील, आणि खाली उभी राहून केस कापत राहशील. तसं करू नकोस. ते खर्च कर. पायांना ते घट्ट मोजे घे, महाग आहेत म्हणून तू दोन वर्षं टाळतेस ते. दुपारी दार ओढून घे आणि दोन तास पडत जा. सोमवारी दुकान उघडूच नकोस. लाइट गेली तर इन्व्हर्टर बसव. वाटलं तर महिन्यातून एकदा दुसऱ्या कुणाच्या दुकानात जाऊन स्वतःचे केस कापून घे, आणि तिने वाईट कापले म्हणून आठवडाभर कुरकुर. दर पहिल्या तारखेला मी येऊन गेलो असं समज. तू मला कधी दारातून परत लावलं नाहीस, अगदी मी तोंड चुकवत होतो त्या दोन वर्षांतही नाही. या पैशांनाही लावू नकोस.

सोमवारी पंपहाउसला शेवटचा दिवस. मंडळी चहा-बिस्किटं आणणार आहेत, साहेब दोन शब्द बोलणार आहेत, बहुतेक न हसता. पुढच्या रविवारी सकाळी खोलीची किल्ली देईन. माझं सामान एका ट्रंकेत मावतं, घरमालकीणबाई म्हणाल्या, ती त्या कुणाच्या तरी टेम्पोत घालून देतील. मी फक्त औषधांची पिशवी घेऊन येतो.

रविवारी दुपारच्या बसने पोचेन. तुझी खोली वर आहे आणि जिना बाहेरून आहे. पूर्वी मी खालूनच हाक मारायचो आणि अख्खी गल्ली खिडकीत यायची. आता तेवढा आवाज निघत नाही. म्हणून बस यायच्या वेळेला तू खिडकीत थांब. मी दिसलो की खाली ये. घाई करू नकोस, पाय सांभाळून उतर. मी तिथेच उभा असेन.

तुझा
धाकटा